बेंबी तीच

बस, युरानी. पाठ पूर्ण टेकू नकोस,
गुडघे वर घे, उशी मी सरकवते.
बूएनाव्हेंतुराहून घाट ओलांडून कालीला आलीस,
आता न्हाणीघरापर्यंतची वाट
त्याहून लांब वाटेल.

या घरात सात खाटा.
सातही बायका वाकून चालतात,
जणू प्रत्येकीचं काहीतरी फरशीवर पडलंय.
तूही शोधशील. आठवडाभर, कदाचित दोन.
ताठ व्हायची घाई नको, टाके रागीट असतात.

कमरेशी या दोन नळ्या.
टोकाच्या फुग्यात साचेल ते मी मोजून वहीत लिहीन:
आज लाल, परवा गुलाबी,
मग गवती चहाच्या पाण्यासारखं.
आकडा उतरला की डॉक्टर काढतील.
काढताना दुखत नाही म्हणतात.
अर्धं खरं आहे.

खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धर.
हसू आलं तरीही.
आणि येईलच, चौथ्या खाटेवरची मिरेया
घटस्फोटाच्या वकिलाची नक्कल करते.

पट्टा रात्रंदिवस.
या उकाड्यात तू मला शिव्या देशील. दे.
तिसऱ्या दिवशी रडशील,
का म्हणून विचारलं तर सांगता येणार नाही.
सकाळी उतरलेली सूज संध्याकाळी परत येईल;
तीन महिने आरशाचा शब्द धरू नकोस.
पण पोटरी दुखली, धाप लागली
तर मला उठव. कितीही वाजले असोत.
त्यात भीड नको.

बेंबीखाली हात ठेवशील तेव्हा
हाताला पोट कळेल,
पोटाला हात कळणार नाही.
ते बधिरपण हळूहळू जातं. थोडं राहतंही.

बेंबी तीच आहे बरं का.
ती आत देठाला तशीच असते,
वरची कातडी खाली ओढून
तिच्यासाठी नवं दार पाडतात.
तुझा बरगडीखालचा तीळ बघ,
शेजार बदलून खाली राहायला आलाय.

काल टॅक्सीत, अर्ध्या गुंगीत, तू विचारलंस
कापलेलं कुठे जातं.
मला ठाऊक नाही, पोरी.
कागदावर फक्त वजन होतं,
मी वाचून दाखवलं: एक किलो दोनशे.
तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस,
जुळ्यांतली धाकटी
एवढीच होती.

तो आकडा मी वहीत लिहिलेला नाही.

सूप पी.
मीठ कमी आहे, मुद्दाम.