आडवी शेपटी

दाभोळच्या बोटवाल्याने दोनशे टॉवेल सांगितले.
मधोमध देवमासा, काठाला लाटा.
सोबत फोटो: पाणी, पाणी, आणि एका कोपऱ्यात
काळपट काहीतरी, म्हशीची पाठ म्हटलं तरी चालेल असं.

नायना आलेखाच्या कागदावर चौकोन भरायला बसले.
बाहेर त्रेचाळीस. दाजी पेठेत पाखरू नाही.
"खवले असतात का गं याला?"
मी नववीत. पुस्तकात बघून सांगितलं, नसतात.
"अंडी?"
नाही. पिल्लाला दूध पाजते.
अम्मा विडीचा दोरा दातात धरून हसली,
"मग मासा कशाला म्हणता बिचारीला?"

तीन रात्री पंचाचा खटखटाट.
पुठ्ठ्याला भोक तिथे धागा उठतो, नाही तिथे बसतो.
सातशे पुठ्ठ्यांचा एक देवमासा
मागावर वीत-वीत उगवत गेला, डोकं आधी.
शेपटी शेवटी आली.
उभी.
हिप्परग्याच्या तलावातल्या कटल्यासारखी.
नायनांनी जवळून पाहिलेला मासा तेवढाच.

दोनशेच्या दोनशे परत आले.
चिठ्ठीत: देवमाशाची शेपटी आडवी असते,
वर-खाली हलते. गिऱ्हाईक हसतंय.
नायनांनी तळहात उभा धरून हलवून पाहिला,
मग आडवा.
मग बराच वेळ आडवाच.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही अंग पुसलं ते देवमाशानंच.
पापडाखाली तो, आहेरात तो,
अम्माच्या शेवटच्या तापात कपाळावर ओली घडी, तोच.
निळा विटत गेला. शेपटी उभीच.

नोकरी लागल्यावर मी गेले. बोट दुसऱ्याच कुणाची.
खलाशी म्हणाला, इथं दिसला तर बहुतेक ब्राइडचा,
डोक्यावर तीन कणे असतात त्याच्या.
कुबडवाला क्वचित. निळा नशिबात असेल तर.
तीन तास ऊन. दोन उलट्या.
मग डाईंग हाऊसच्या बॉयलरनं वाफ सोडावी तसा
फस्स.
पाठ आली, गेली, पुन्हा आली,
तिच्यावर विळ्याएवढा वाकडा पर,
आणि पाणी मिटलं.
"शेपटी?"
"ही जात सहसा दाखवत नाही, ताई.
पाठ वाकवून नुसती खाली जाते."

पहाटे सोलापूर. नायना खुर्चीत.
माग कधीच भंगारात गेलेला, खांद्यावर टॉवेल.
"शेपटी?"
"दाखवलीच नाही त्यानं."
ते जरा ताठ बसले.
"फोटोतही नव्हती. चौकोन मोजलेत मी.
पाण्याखालचं सगळं अंदाजानं भरलं होतं."
मग, थोड्या वेळानं:
"वाफ किती उंच?"
मी हात वर केला. पंख्याच्याही वर, म्हटलं.
"हे त्यानं सांगितलंच नाही,"
नायना टॉवेलचा रिकामा वरचा भाग
बोटांनी चाचपत म्हणाले,
"पांढरा धागा होता की आपल्याकडे."