दीड व्होल्ट

डॉन इलारिओन तार्कींनी लॅपटॉप आणला
रंगीत आग्वायोत बांधून, पाठीवर, तान्ह्या मुलासारखा.
पट्टी मात्र खिशात, पावाच्या कागदात:
आठ जीबी, एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
घासाघीस करून घेतलेली.
"एवढी बसवून दे, साबीना.
शब्दांची फाईल उघडेपर्यंत बटाटे शिजतात."
आणि आमच्या ला पाझमध्ये, या उंचीवर,
बटाटे किती वेळ घेतात ते विचारू नका.

यंत्र पालथं केलं.
नऊ स्क्रू. दहावा कुणीतरी आधीच हरवलेला.
झाकणाखाली मांजराचे केस, कोकाच्या पानांचा चुरा,
चार जीबी बोर्डालाच डाख दिलेली,
घरजावयासारखी, हलायचं नाव नाही.
शेजारी एकच खाचा, रिकामा.

पट्टी तिरकी धरली, दाबली.
दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक् करून पकडलं.
"जुळलं!"
बसलं, मी म्हटलं.
जुळलं की नाही ते वीज सांगेल.

पंखा फिरला. थांबला. पुन्हा फिरला.
पडदा काळा तो काळाच.

भिंगाखाली लेबल वाचलं:
पीसी३. पुढे 'एल' नाही.
यांच्या बोर्डाला हवेत एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट,
ही मागते दीड.
"पंधरा शतांश?" त्यांनी हात हवेत उडवले.
"एवढ्यावरून आमच्यात सोयरीकसुद्धा मोडत नाही!"

मग आवाज खाली आणून:
"आणि माझे शब्द? पट्टी बदललीस तर जातील?"
सत्तावीस वर्षं गावोगाव हिंडून टिपलेले,
म्हाताऱ्यांच्या तोंडून, मेंढ्यांमागे चालता चालता.
ते डिस्कवर आहेत, डॉन इलारिओन, कणगीत.
ही नुसती अंथरलेली चादर.
एका वेळी किती पसरून बघता येईल, एवढंच.
वीज गेली की झटकून रिकामी.

मेलेल्या यंत्रांचा ड्रॉवर उपसला.
रेडिओवाल्या एउलोखियाच्या लॅपटॉपची एक पट्टी निघाली,
ज्यावर कार्निव्हलच्या रात्री चिचा सांडली होती.
चार जीबी. पीसी३एल.
शाळेच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले,
फुंकर मारली,
बसवली.

पडद्यावर आकडा आला: ८१९२.
मी काही बोलले नाही. ते तर मुळीच नाही.

फाईल उघडली तेव्हा माझा चहा अजून गरम होता.
त्यांचं बोट यादीवरून घसरत गेलं.
अम्तान्या: आठवणे.
थोडं खाली, अर्मान्या: विसरणे.
चष्मा काढून पुसला, परत लावला.
"फरक बघ केवढासा," म्हणाले,
आणि लगेच पैशांवर आले.
नव्वद बोलिव्हियानो सांगितले, सत्तर दिले.
दीड व्होल्टवाली पट्टी पुन्हा पावाच्या कागदात गेली.
कुणाला तरी चालेल म्हणे.

दहावा स्क्रू मी माझ्या डब्यातला लावला.
जरा लांब होता.
निम्माच आत गेला.