सभासद क्रमांक सत्त्याऐंशी

एका लांब कटाला अकरा मिनिटं लागतात.
लेथ आपल्या चालीनं शाफ्ट सोलत राहतो,
कूलंटची पांढरी धार पडत राहते,
मी स्टुलावर टेकतो, कॉटन वेस्टला हात पुसतो
आणि टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यातनं
खून बाहेर काढतो.

अकरा मिनिटांत साडेतीन पानं.
इन्स्पेक्टर जिन्यात पोचतो, दिव्याची वायर कापलेली असते,
पडद्यामागं कुणीतरी श्वास रोखून उभं असतं
आणि कट संपतो.
मी माप घेतो, नवा जॉब बांधतो,
तोवर पडद्यामागचा माणूस
तसाच, श्वास रोखून.

उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे.
इंगवले शेठ म्हणतात, बोटं तेवढी सांभाळ, म्हणजे झालं.
आमचे दाजी कॉलेजात शिकवतात.
एकदा पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले,
‘सर्जेराव, यातनं मिळतं तरी काय?’
मी म्हटलं, अकरा मिनिटं.

पुस्तकं गंगावेशीतल्या वणकुद्रे अण्णांच्या लायब्ररीतली.
महिना साठ रुपये, एका वेळी एक.
माझ्या आधी प्रत्येक पुस्तक
सत्त्याऐंशी नंबरनं वाचलेलं असतं.
मागच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतंच,
पण नसतं तरी कळलं असतं मला:
उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा,
आणि दुमडलेली पानं.

पान चारला दुमड. पान नऊला. अकराला.
म्हणजे कधी पाच पानांची सवड, कधी दोनच.
गौरी-गणपतीच्या आठवड्यात तर
अठ्ठावन्नाव्या पानाला घडीवर घडी,
तीनदा तिथंच परत आलेली.
विहिरीत प्रेत सापडलंय
आणि बाईंना बघायला वेळ नाही.

अण्णांना विचारलं, कोण हो सत्त्याऐंशी?
अण्णांनी चष्म्यावरनं बघितलं.
‘डॉक्टर आणि लायब्ररीवाला
नाव सांगत नसतोय.’
ती पुढं, मी मागं.
माझा ग्रीसचा अंगठा तिला कधी दिसायचा नाही.

मग मार्गशीर्षात एक पुस्तक आलं.
दोनशे चोवीस पानं. एकही दुमड नाही.
पुन्हा चाळलं, बल्बखाली धरून.
हळदही नाही.

तीन खून होते त्या पुस्तकात
आणि मी वेगळाच तपास करत बसलो:
सबंध दिवस हिला मिळाला कुठनं?
सीपीआरमध्ये कुणाच्या उशाशी बसली होती?
की पंचगंगा पात्राबाहेर आली तेव्हा
शाळेच्या वर्गात, सतरंजीवर?
शिक्क्यावरची तारीख बघितली. पाण्याचे दिवस नव्हते.
भांडली का काय?
सगळं टाकून राधानगरीच्या गाडीत, खिडकीपाशी?
अंगावर काटा आला, खरं सांगतो,
असा इन्स्पेक्टरनं कधी आणला नव्हता.

शेवटी एकशे तीस आणि एकतीसच्या बेचक्यात
पुरावा सापडला.
शेंगदाण्याचं लाल फोलपट.
पुढं आणखी एक. मग दोन, चिकटून.
काळजीतला माणूस शेंगदाणे खाईलही,
पण असे? एकेक चोळून, फुंकर मारून?
नाही. दार लावलेलं होतं.
पाय लांब केलेले होते.
कुणी हाक मारली असेल तर
‘आले, आले’ म्हणून ती आली नसणार.

पुढच्या पुस्तकात पान सहाला दुमड होती.
हळद होती.
बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

त्या दिवशी कट संपला.
टूल मागं घेतलं, मशीन बंद केलं.
इंगवले शेठ काचेतनं माझ्याकडंच बघत होते.
पडद्यामागं तो उभाच होता बिचारा.
मी आणखी एक पान वाचलं.