बघू

वडील हळदीच्या पेठेत फारसं बोलत नसत.
उपरण्याखाली हात घालायचे,
समोरच्याचा हात चाचपायचे.
आख्खं बोट धरलं तर शंभर,
पेर दाबलं तर पन्नास,
मनगटाला हात लागला की सौदा मोडला.
वर चेहरे दगडाचे,
खाली भाव ठरत असायचा.
संध्याकाळी घरी यायचे ते
नखांपासून कोपरापर्यंत पिवळे,
आणि आईनं काही विचारलं तर म्हणायचे,
बघू.

मला पेठ मिळाली नाही.
मी कुपवाडच्या शीतगृहात कारकून,
बेदाण्याच्या पेट्यांची आवक-जावक लिहितो.
वारशात आला तो हा शब्द.
फार सोयीचा आहे.
नाही म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो
आणि तो आपल्यालाच उचलावा लागतो.
हो म्हटलं की काम अंगावर.
बघू म्हटलं की
दोघंही चहा प्यायला मोकळे.

एप्रिलात जतहून मल्लाप्पा बिराजदारचा फोन आला.
दोनशे पेट्या हायत, जागा मिळंल काय?
जागा नव्हती.
तिसऱ्या खोलीचं यंत्र बंद,
चौगुले मालक त्यावरून तापलेले,
दुसऱ्या फोनवर कोणीतरी खोळंबलेलं.
मी म्हणालो, बघू.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर एक टेम्पो उभा होता.
कुणाचा तरी असेल.
तिसऱ्या दिवशीही होता. लिंबाखाली,
ताडपत्रीवर ओलं पोतं टाकून.
चौथ्या दिवशी मल्लाप्पा आत आला,
कागदावर मूठभर बेदाणा घेऊन.
हिरवा म्हणून निघालेला माल
चहाच्या रंगावर आला होता.
तो ओरडला असता तर बरं झालं असतं.
"बघू म्हनलासा न्हवं," तो म्हणाला,
"मी आपलं वाट बघत बसलो."

बघणार होतो मी.
बघितलं त्यानं. चार दिवस, रस्त्याकडं तोंड करून.

त्या रात्री मी बोलायचं ते पाठ केलं,
शाळेतल्या पोरासारखं, गच्चीवर, हळू आवाजात:
मल्लाप्पा, आज जागा नाही.
मंगळवारी होईल, पण शंभरच पेट्यांची.
तोवर तासगावला विचारा,
नंबर देतो, लिहून घ्या.
एवढंच होतं.
फोन ठेवायला अर्धा मिनिटही लागला नसता.

पहिलं 'नाही' शिंकेसारखं बाहेर पडलं,
मलाच दचकायला झालं.
सलगरेच्या एकानं शिवी हासडली,
पण त्याचा माल त्याच दिवशी
दुसरीकडं गारव्याला लागला, हे नंतर कळलं.
मल्लाप्पा मात्र पुन्हा आला नाही.
त्याला मी दोनदा फोन केला.
चुकलं माझं, एवढं म्हणायला
तिसरा करावा लागला.
चौगुले मालक म्हणाले,
अलीकडं लईच तोडून बोलता तुम्ही.
मी म्हणालो, होय.
पूर्वी यावरही बघू म्हणालो असतो.

आता कधी वडिलांचे पिवळे हात आठवतात
आणि वाटतं, सगळं झाकून चालायचं खरं,
पण त्या उपरण्याखाली
बघू म्हणायला बोटच नव्हतं.
शंभर म्हणजे शंभर.
माणूस समजून घरी जायचा.
घरीच काय ते कळायचं नाही.

काल त्रिशला ओट्याशी उभी होती,
पाठमोरी, टॉवेलला हात पुसत.
"गुरुवारी मिरजेला येता का?
रिपोर्ट मिळणाराय."
दळण आणायला सांगावं अशा आवाजात.
तो शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता,
बापाच्या चपला घालून.
काय झालं कुणास ठाऊक,
मी टॉवेलखाली हात घातला,
तिचं बोट सापडलं. ओलं होतं, गार.
आख्खं धरलं.
"हे काय आता?"
येतो म्हणून सांगतोय.
"मग तोंडानं सांगा की."

येतो, म्हणालो.
गुरुवारी. रजा टाकतो.
साडेनऊच्या बसनं जाऊ.