रेग्युलेटर

ओम्नी बाबांच्या मेसची. मागची सीट केव्हाच काढलेली,
तिथे डबे असतात. आज तिथे केतकी,
सतरंजीवर, गाउनवर स्वेटर घालून,
कालच्या आमटीच्या वासात आडवी.
अकरा दिवस अंघोळ नाही, आधीच सांगते, म्हणाली,
आणि मग काहीच म्हणाली नाही.

मी चालवते. लिथियमने माझी बोटं थरथरतात,
पण ओम्नीचं स्टिअरिंग मुळातच थरथरतं,
आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेतो.

ठरलं होतं दिवेआगर.
गुरुवारच्या ग्रुपमध्ये कुणीतरी विचारलं,
समुद्र शेवटचा कधी पाहिला?
रेवण म्हणाला, पहिलाच राहिलाय.
बार्शीचा आहे तो.

नवले पुलावर झरीन म्हणाली, गॅस.
कुणी उसासा टाकला नाही. गाडी वळवली.
कोंढवा, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
गॅसही बंद.
चांदणी चौकात, त्या पुलांच्या गुंत्यात,
जिथे धडधाकट माणूससुद्धा मुळशी सोडून मुंबईला लागतो,
ती म्हणाली, मला माहितीये बंद आहे. माहितीये गं.
वळवली.
पिरंगुटला ती बोललीच नाही,
नुसती अंगठ्याने पेरं मोजत बसली, चार, चार, परत चार.
मीच इंडिकेटर दिला.

या वेळी सगळे वर गेलो. केतकीसुद्धा,
कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर टेकत.
दुपारचा एक. ओट्यासमोर आम्ही चौघं
अंत्यदर्शनाला आल्यासारखे उभे.
केतकी वाकली. खट्.
सिलिंडरवरनं रेग्युलेटर उपटला, टोपण लावलं,
आणि झरीनच्या ओंजळीत ठेवला.
घे. आता घरात गॅसच नाही. चल.

मग झरीनच्या मांडीवर रेग्युलेटर, प्रसादासारखा ओढणीत.
रेवण खिडकीशी, लाल माकडटोपी, मार्च असून.
आमची एक खूण आहे.
त्याला काही ऐकू आलं की तो आमच्याकडे बघतो.
आम्हालाही आलं असेल तर एक बोट वर.
नसेल तर मान हलवायची, हळूच,
त्याला अपमान वाटणार नाही इतपत.
पौडपर्यंत मी सहा वेळा मान हलवली.

मुळशीलाच साडेचार झाले.
ताम्हिणी उतरून परत यायला मध्यरात्र,
आणि माझी एक रात्र जागून गेली
की मी काय काय विकत घेते हे सगळ्यांना ठाऊक आहे.
एकदा शेळ्या घेतल्या होत्या. ऑनलाइन.

तर धरणाच्या पाण्याशी थांबलो.
रेवणने बराच वेळ पाहिलं.
मोठाय की, म्हणाला.
पलीकडचा काठ दिसत होता. कुणी काही बोललं नाही.

तेवढ्यात मागून हाक,
ए लाल टोपी!
त्याने वळून पाहिलं नाही. वळायचं नसतं, हे तो
पाच वर्षं शिकलाय, हॉस्पिटलात, घरी, एसटी स्टँडवर.
अरे लाल टोपी, तुलाच म्हणतीये!
दोनच कप उरलाय चहा, मग चूल विझवणारे मी!

त्याने आमच्याकडे पाहिलं.
माझं बोट वर. झरीनचं वर, रेग्युलेटरसकट.
गाडीच्या उघड्या दारातून, सतरंजीवरून, केतकीचं.
नक्की?
नक्की.

तो इतका हळू वळला,
जणू मागे कुणी झोपलेलं आहे.
मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या,
बहिरा आहे का रे तू?
हो, म्हणाला रेवण. हसायला लागला. थांबेचना.

दोन कप, चौघांत. माझ्या हातून सांडला, माझाच वाटा.

भूगावला झरीनच्या अम्मीचा फोन,
स्पीकरवर, गाडीभर:
सिलिंडर आहे, शेगडी आहे, मधलं कुठं गेलं?
झरीनला बोलवेना, हसू की रडू, चार चार करून.
मग मागून, डब्यांच्या जागेवरून,
काकू, आम्ही पावभाजी घेऊन येतोय.
जरा वेळ.
आणि तुमच्याकडे गीझर आहे का?