डावखुरा

दवाखान्यात, गोळ्यांच्या कपाटावर
एक म्हातारा लिहीत बसलेला असायचा.
काळ्या शाईचा, वीतभर कागदावरचा.
पायाशी सिंह. सिंह कसला,
सिंदेवाहीच्या बाजारातून मागे लागलेलं कुत्रं,
मान तेवढी फुगवलेलं.

सिस्टर ब्लेसिला सांगायच्या, संत आहेत,
सिंहाच्या पंजातला काटा काढला यांनी.
काट्याचं मला काय, आमच्या बांधावर बाभळीच बाभळी.
मी हात बघायचो.
म्हातारा डाव्या हातानं लिहीत होता.

आमच्याकडे डाव्या हाताला
ताटाशी येऊ देत नसत.
बाबा गजाची पट्टी मारायचा, सागवानाची,
स्वतः रंधलेली.
आणि इथं कुठल्या मुलखातला, कधीचा हा देवमाणूस
सिंहादेखत
खुशाल डावखुरा.

मग चौकटीला उधई लागली
आणि बोलावणं आलं कवडू वाढयाला, म्हणजे बाबाला.
मी पटाशी धरून मागे उभा.
बाबानं काच उतरवली, कागद उन्हात धरला,
नाकाजवळ नेला, बराच वेळ.

“लाकडावर कोरून छापलं हाये हे.
आपल्या शिवनीवानी मऊ असन लाकूड.”
संताच्या झग्यावर पांढरे ठिपके होते,
सिस्टर त्यांना तारे म्हणायच्या.
“तारे नाही जी. घुन हाये.
ठशाले घुन लागला, तरी छापतच रायले.”
सिंहाला बघून तो नाकातून हसला.
“कोरनाऱ्यानं जनावर पाह्यलं नाही.”

आणि जाता जाता, कागद पालथा घालत:
“बुवा डावखुरा नाही हा.
उलटं कोरा लागते, तो इसरला.
छापलं का उजव्याचं डावं होते.”

सिस्टर हसल्या.
मी पटाशी
उजव्या हातात घेतली.

रात्री भातावर हात गेला तो डावाच.
बाबानं बघितलं.
पट्टी त्याच्या मांडीशीच होती.
तो आपल्याच वरणात बोट फिरवत बसला,
लाकडाची गाठ चाचपावी तसं.

“छापल्यावर समजलंच असन त्याले,” तो म्हणाला.
“पन लाकूड हाये. पुसता थोडी येते.”

“कोनाले? काय?” आई विचारत राहिली.
बाबानं भात मागितला.