दोन ते तीनच्या मध्ये

देओलिंदाबाई काउंटरवर दोन्ही डब्या मांडतात,
दोन स्थळं तोलून पाहावीत तशा.
"आता सांग, झुल्मिरा, खरा फरक काय?"
बाहेर लिमा नदीवर अजून धुकं. दुकानात तिसरं कुणी नाही.

मी सांगते:
वॉर्फरिन रक्ताशी थेट बोलत नाही,
यकृतात जाऊन के जीवनसत्त्वाची वाट अडवते.
गुण यायला चार-पाच दिवस,
उतरायलाही जवळपास तेवढेच.
अपिक्साबॅनला आडवळण ठाऊक नाही.
गुठळीच्या साखळीतली एकच कडी धरते,
तीन तासांत कामाला लागते,
बारा तासांत अर्धी ओसरते.

"म्हणजे विसरभोळी."
तुम्ही विसरलात तर, मी म्हणते.
सकाळी एक, रात्री एक. चुकवायची नाही.

जुनीशी त्यांची ओळख लग्नाआधीची.
भावानं मक्याच्या दगडी कोठारात
निळसर दाण्यांत कालवून हीच तर ठेवली होती.
"अकरा वर्षं उंदरांचं औषध खाल्लं मी,
आणि मेले ते उंदीरच."

अकरा वर्षं परसातली उंच दांड्याची कोबी
पानं मोजून सुपात.
एक वाटी जास्त, की आकडा खाली;
दाताच्या डॉक्टरनं काही लिहून दिलं, की वर.
दर दुसऱ्या मंगळवारी बस, बोटाला सुई,
आणि दोन ते तीनच्या मध्ये असलं
की नर्सची शाबासकी.

नवीला हे काही नको.
सूप हवं तेवढं प्या,
वर्षातून एकदा मूत्रपिंडाची चाचणी.
किंमत मात्र मी जरा हळू सांगते.

त्या ऐकून घेतात. मग,
"आणि मंगळवारी मी कुठं जायचं?"

मी चष्मा लावून माहितीपत्रक उलगडते,
खरंच उलगडते.
नाक फुटणं आहे, चक्कर आहे, हिरड्या आहेत.
दवाखान्यातला तो बाक नाही,
ज्यावर बोटाला कापूस धरून एवारिस्तु म्हणायचा,
"माझे दोन पूर्णांक सहा. तुझे?"
तो मार्चमध्येच नवीवर गेला.
तेव्हापासून या एकट्याच बसनं जातात.

"बारा तासांत अर्धी, म्हणतेस?"
हो.
"तो तर दूध उतू जाईपर्यंत विसरतो.
त्याला दिवसातून दोनदा कोण सांगतं?"

उत्तराची वाट न बघता त्या पाकीट उघडतात.
उजवीकडची डबी पिशवीत, कोबीच्या जुडीखाली.

डावीकडची राहिली. नियमाप्रमाणे नष्ट करायची.
एकोणीस गोळ्या.
मी उगाच दोनदा मोजल्या.